खानदेशी आहार

खानदेशी आहार : महाराष्ट्राच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत रूढ असलेली आहारपद्धती. ज्वारीची वा कळण्याची भाकरी, तूर व उडीद यांचे वरण, वांगी, हिरवी मिरची, शेंगदाणे, लसूण आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा काळा मसाला ही तिची प्रमुख अंगे होत. हा आहार मुख्यत्वे घरी, शेतावर व सामुदायिक पंगतींत सिद्ध होतो. उपाहारगृहांतून त्याचा अल्प अंशच आढळतो. त्यामुळे नोकरी, शिक्षण वा व्यापार यांनिमित्त बाहेरून येऊन येथे राहणाऱ्या माणसास त्याची खरी ओळख शेजार, खानावळ व ऋतुक्रम यांच्याद्वारेच होते. प्रस्तुत नोंदीत या आहाराचे स्वरूप आणि परगावच्या रहिवाशाचा त्यातील प्रवेश यांचा विचार केला आहे.

प्रदेश व लोक : १८१८ मध्ये ब्रिटिश अंमलाखाली आलेल्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली; १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापी व तिच्या गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर या उपनद्यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन ज्वारी, कापूस, कडधान्ये, भुईमूग व केळी यांस अनुकूल आहे. दक्षिण व उत्तर भारत यांना जोडणारा मार्ग आणि बऱ्हाणपूर-सुरत हा जुना व्यापारी मार्ग याच खोऱ्यातून जात असल्याने येथे निरनिराळ्या प्रदेशांतील लोक येऊन स्थायिक झाले. लेवा पाटीदार व गुजर यांच्या परंपरा गुजरातशी नाते सांगतात. राजपूत व मारवाडी कुटुंबे उत्तरेकडून आली. धुळे शहरात विणकर मुस्लिमांची वस्ती आहे. सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या बाजूस भिल्ल, पावरा, कोकणा इ. आदिवासी राहतात. अहिराणी व लेवा गणबोली यांप्रमाणेच येथील आहारावरही या संमिश्रतेचा ठसा आहे. बट्टी ही राजस्थान-माळव्याकडील बाटीची आप्त आहे. ज्या हिरव्या मिरचीवाचून व शेंगदाण्यावाचून येथील एकही ताट पुरे होत नाही, ती दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात पसरली. आज अस्सल स्थानिक मानला जाणारा आहार अशा रीतीने बाहेरून आलेल्या माणसांनी व पिकांनी घडविलेला आहे.

भाकरी व कळणा : ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते; त्यामुळे गव्हाच्या कणकेप्रमाणे ते ताणले जात नाही. गरम पाण्याने पीठ मळणे, ते तळहाताने रगडणे व थापताना परातीत भाकरी फिरती ठेवणे यांवर भाकरीची अखंडता अवलंबून असते. तीन ते चार भाग ज्वारीत एक भाग अख्खे उडीद व थोडे मीठ घालून दळलेल्या पिठास कळणा म्हणतात. प्रमाण घराघरांत बदलते. उडदाच्या चिकटपणामुळे हे पीठ सहज थापता येते, म्हणून नवशिक्या हातासही कळण्याची भाकरी साधते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. ते उडदात पुरेसे असल्याने दोहोंचे मिश्रण पोषणदृष्ट्या एकमेकांस पूरक ठरते. कळण्याच्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचे तेल, कांदा व भरीत खातात. शेतावर नेण्याच्या शिदोरीत हीच भाकरी असते.

भरीत : जळगाव, भुसावळ, यावल व रावेर या तालुक्यांत मोठ्या आकाराची, पांढरट हिरवी, अल्प बियांची वांगी पिकतात. बामणोद, आसोदा, भादली ही गावे त्यांसाठी प्रसिद्ध आहेत. ‘जळगाव भरीत वांगी’ व ‘जळगाव केळी’ या दोहोंस २०१६ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर, भाजतात. पऱ्हाटीचा जाळ मोठा पण अल्पकाळ टिकणारा असतो. त्यामुळे साल करपते व आतील गर स्वतःच्याच वाफेवर शिजून त्यास धुराचा वास लागतो. साल काढून हा गर लाकडी बडगीत ठेचतात. नंतर तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, ठेचलेली मिरची व लसूण परतून त्यांत कांद्याची पात, कोथिंबीर व गर मिसळतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत मार्गशीर्षातील चंपाषष्ठीपासून भरीत सुरू होते. हिवाळ्यात शेतावर भरताच्या पंगती होतात. त्यांस आप्तेष्टांबरोबर कचेरीतील सहकारी, भाडेकरू व पाहुणे यांनाही बोलाविण्याची रीत आहे.

बट्टी, रशी व इतर पदार्थ : जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे गोळे भाजून वा वाफवून, कापून तळले म्हणजे बट्टी तयार होते. तुरीचे वरण, वांग्याची घोटलेली भाजी व तूप यांसह वरण-बट्टीचे जेवण लग्नकार्यात व भंडाऱ्यात वाढतात. काळ्या मसाल्याच्या पातळ, तिखट कालवणास रशी म्हणतात. डाळीच्या पिठाच्या पातोड्या किंवा डुबुकवड्या रशीत सोडून भाजी करतात. हिरव्या भाजीच्या तुटवड्याच्या दिवसांत साठवणीच्या डाळीवर भागविण्याची ही युक्ती होय. वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके कढीबरोबर खातात. गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) गोड घाऱ्या, हिरव्या मिरचीची भाजी, अंबाडीची भाजी हे घरगुती पदार्थ होत. बोरांच्या हंगामात जळगावलगतच्या मेहरूणच्या बोरांस मागणी असते. आदिवासी भागांत नागली, भगर, रानभाज्या, मासे व मोहाची फुले यांचा आहारात समावेश असतो. मांसाहारी घरांत मटणाच्या रशीस काळा मसालाच वापरतात.

मांडे व आखाजी : अक्षय्य तृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात. या दिवशी पितरांच्या नावे घागर पूजतात. सासुरवाशिणी माहेरी येतात व झाडांना झोके बांधतात. सणाचे मुख्य पक्वान्न म्हणजे खापरावरची पुरणपोळी अर्थात मांडे. कुंभाराने घडविलेले मातीचे खापर चुलीवर पालथे घालतात. गव्हाची कणीक पाणी व तेल लावून दीर्घकाळ मळतात. हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे पुरण भरलेला उंडा आधी हातावर थापून, नंतर दोन्ही हातांवर झेलत व फिरवीत हातभर व्यासाचा करतात आणि अलगद खापरावर पसरतात. पोळपाट-लाटण्याचा उपयोग यात नसतो. हे कौशल्य लहानपणापासून पाहून व वडीलधाऱ्या स्त्रीच्या शेजारी बसूनच येते. मापे लिहून ते शिकविता येत नाही. मांडे आमरस, रशी, कुरडई व भजी यांसह वाढतात.

वाळवण : उन्हाळ्यात तपमान ४५° से.च्या वर जाते. या उन्हाचा उपयोग करून वर्षभराची वाळवणे घालतात. भिजवून आंबविलेली ज्वारी भरडून, शिजवून, तीत लसूण, मिरची व तीळ घालून ओल्या कापडावर पसरतात. यास बिबड्या म्हणतात. भिजविलेल्या गव्हाचा चीक काढून, तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडतात. उडदाचे व नागलीचे पापड, शेवया ही अन्य वाळवणे होत. एका घरचे काम गल्लीतील अनेक स्त्रिया मिळून करतात व पुढे तिच्या मदतीस ते घर जाते. नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबातील स्त्रीस या परस्परसाहाय्यात सामील करून घेतात. गरम चिकाची वाटी हा तिचा पहिला मोबदला असतो.

बाहेरून आलेला रहिवासी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आल्यावर भुसावळ हे मोठे प्रस्थानक बनले व देशाच्या अनेक भागांतील रेल्वे कर्मचारी तेथे राहू लागले. पुढे भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक विद्युत्‌ केंद्र, कापूस व तेल यांचे कारखाने आणि १९९० मध्ये जळगावला स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) यांमुळे ही संख्या वाढली. अमळनेर येथे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात दूरदूरचे अभ्यासक आले. कोकणातील पालगडचे साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील शाळेत शिक्षक होते व छात्रालयही सांभाळीत. अमळनेरलाच १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ (पुढील ‘विप्रो’) ही कंपनी वनस्पती तूप तयार करण्यासाठी निघाली.

भात खाणाऱ्या प्रदेशातून आलेल्या माणसास प्रारंभी ज्वारीची भाकरी कोरडी व भाजी अतितिखट वाटते. त्याचा पहिला परिचय बहुधा शेवभाजीशी होतो. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर या महामार्गांवरील धाब्यांनी जाड तिखट शेव व काळा मसाला यांची ही भाजी सर्वदूर नेली. तथापि धाब्यावरील तेलाचा तवंग व एकसारखी चव यांवरून खानदेशी आहाराची कल्पना करणे योग्य ठरत नाही. रोजच्या घरगुती जेवणात तेल मर्यादित व पदार्थ ऋतूप्रमाणे बदलते असतात. दुसरी पायरी खानावळीची असते. घरातच चालणाऱ्या खानावळींत घरच्यांसाठी शिजते तेच डब्यात येते आणि तिखट सोसत नसल्यास खानावळवाल्या मावशी ताक वा दही वाढून देतात. तिसरी पायरी शेजाराची होय. शेजारून आलेले भांडे रिकामे परत न करण्याच्या रीतीमुळे परक्या घरातील इडली, माशाचे कालवण वा ढोकळा खानदेशी घरात जातो आणि देवाणघेवाण दुहेरी होते. भाकरीचा तुकडा मोडून रशीत कुस्करणे, कच्चा कांदा मुठीने फोडणे, मिरचीमागून शेंगदाणे खाणे हे आहाराचे अलिखित संकेत अशा पंगतींतच कळतात. आग्रह हा येथील आतिथ्याचा भाग असून पहिला नकार संकोच समजला जातो. म्हणून पोट भरल्याचे स्पष्ट पण नम्रपणे सांगावे लागते.

सहभोजनाच्या मर्यादा : या आतिथ्याचे वर्णन करताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोणाच्या घरी जेवावे व कोणास घरात जेवू घालावे, हे दीर्घकाळ जातीने ठरविले. पूर्वीच्या गावपंगतींत दलितांना वेगळे बसविले जाई. भारतीय संविधानाने (१९५०) अस्पृश्यता नष्ट केली, तरी घर भाड्याने देताना जात, धर्म व मांसाहार यांविषयी विचारणा अद्यापि होते. परगावचा माणूस आपली ओळख मागे ठेवून आलेला असतो, असे वाटले तरी त्याचे आडनाव त्याच्या आधी पोहोचते. त्यामुळे ज्यास अनेक घरांचे भरीत चाखता येते, त्याच्या अनुभवावरून सर्वांसच तसे स्वागत लाभते असा निष्कर्ष काढता येत नाही. रेल्वे वसाहती, वसतिगृहे व कारखान्यांतील एकत्र डबे यांनी ही बंधने शिथिल करण्यास हातभार लावला.

बदल : संकरित ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा वाण १९६४ मध्ये प्रसृत झाला. त्याने उत्पादन वाढले; परंतु देशी ज्वारीच्या भाकरीची चव व टिकाऊपणा त्यास नसल्याची तक्रार राहिली. १९७२-७३ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानांतील लाल मिलो ज्वारीवर अनेकांना दिवस काढावे लागले. पुढे शिधावाटपातील गहू व तांदूळ, तसेच नगदी पिकांचा प्रसार व २००२ नंतरचे बीटी कापसाचे वाण यांमुळे ज्वारीचे स्थान संकोचले व गव्हाची पोळी रोजची झाली. वायुचुलीवर खापर ठेवता येत नाही, पऱ्हाट्या शहरात मिळत नाहीत व खापर घडविणारे कुंभार घटले आहेत. मांडे, बिबड्या व कळण्याचे पीठ आता महिला बचत गट तयार करून विकतात. त्यामुळे स्त्रियांच्या पूर्वी विनामूल्य गणल्या गेलेल्या श्रमास मोल मिळू लागले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्याने ज्वारीविषयी शहरी वर्गात नवे कुतूहल निर्माण झाले.

मात्र विकत मिळणारा पदार्थ टिकला म्हणजे आहारपद्धती टिकली असे होत नाही. बडगीत भरीत ठेचणारा हात, उंडा झेलणारी मनगटे व वाळवणास जमणारी गल्ली ही तिची खरी साधने होत. शिक्षण व नोकरी यांसाठी खानदेशी तरुण-तरुणी पुणे, मुंबई, सुरत येथे जातात व तेथे स्वतःच परगावचे रहिवासी बनतात. त्यांच्या सामानात बिबड्या, काळा मसाला व कळण्याचे पीठ असते. पीठ संपल्यावर पुढे काय करावयाचे, हे मात्र ज्यांनी घरी चुलीशेजारी बसून पाहिले आहे त्यांनाच ठाऊक असते. बाहेरून येऊन खानदेशात राहिलेल्या ज्या कुटुंबांनी शेजारणीकडून हे शिकून घेतले, त्यांच्या घरीही आखाजीस मांडे होतात. पूर्वी बट्टी व मिरची येथे रुजली, ती याच रीतीने होय.