बॉनेटचा झरोका बुजवण्यापूर्वी



भिवंडी तालुक्यात पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीच्या बाजूला एखाद्या खळ्यात अजून जुनी जीप उभी दिसते. खताच्या गोण्या, पेंढा, भाजीच्या पाट्या, वेळप्रसंगी पाड्यावरची बाळंतीण, सारे काही तिने वाहिलेले असते. अशा काही गाड्यांच्या बॉनेटवर मागच्या कुणा मालकाने हवेसाठी झरोका पाडलेला असतो. कुठे जाळी बसवलेली, तर कुठे नुसताच पत्रा कापून वर उचललेला. उन्हाळ्यात त्याचे काही वाटत नाही. पण आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मृग लागला की त्या झरोक्यातून पाणी थेट इंजिनावर येते, आणि ऐन लावणीत गाडी रुसून बसते.

मग घरात बोलणे निघते, "बुजवून टाका ते भोक एकदाचे." बुजवायला हरकत नाही. पण आधी एक प्रश्न विचारा : हा झरोका पाडला कुणी आणि कशासाठी?

झरोक्याचे काम काय?

स्वयंपाकघराच्या कौलात आपण धूर जायला वाट ठेवतो. पाऊस आत येतो म्हणून ती वाट अगदीच बंद केली तर धूर घरात कोंडतो. इंजिनाचेही तसेच आहे. समोरच्या जाळीतून हवा आत येते, रेडिएटर थंड करते आणि इंजिनाच्या खालच्या मोकळ्या जागेतून बाहेर जाते. गाडी उभी असताना किंवा चढावर हळू चालताना वारा कमी मिळतो. अशा वेळी गरम हवा वर चढते आणि झरोका असेल तर तेथून निघून जाते.

महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडे जी उंच बॉनेटची जीप रूढ झाली, तिचा मूळ नमुना अमेरिकेत १९५३ साली निघाला. इंजिन उंच होते, म्हणून बॉनेट उंच केले. त्या जीपच्या बॉनेटला वरून झरोका नव्हता. म्हणजे मूळ इंजिन आणि रेडिएटर धड असतील तर तिला तो लागत नाही. पण मधल्या काळात कुणी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले असेल, किंवा रेडिएटर लहान घातला असेल, तर झरोका गरजेपोटी पाडला गेला असण्याचा संभव आहे.

पाण्याने होते काय?

पेट्रोलच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचे झाकण, कॉइल आणि प्लगच्या वायरी भिजल्या की ठिणगी वाया जाते. डिझेलच्या गाडीला ठिणगी लागत नाही, म्हणून बेफिकीर राहू नका. तेलाच्या वाटीच्या एअर क्लीनरमध्ये पाणी साचून इंजिनात ओढले गेले तर पाणी दाबले जात नाही, उलट कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च झरोका बुजवण्याचा राहत नाही, इंजिन खोलण्याचा होतो.

आधी परीक्षा, मग वेल्डिंग

पावसाळ्याची वाट पाहू नका. वैशाखाच्या उन्हात, दुपारी, भरलेली गाडी नेहमीच्या रस्त्याने न्या. नंतर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून उभी करा आणि उष्णतेचा काटा कुठे थांबतो ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी झरोक्यावर पत्र्याचा तुकडा नट-बोल्टने तात्पुरता आवळून तीच फेरी पुन्हा करा. काटा जवळजवळ तेथेच राहिला तर झरोका नको असलेलाच आहे. तो कायमचा बुजवा. काटा बराच वर चढला, किंवा पेट्रोलची गाडी गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावरच सुरू होऊ लागली, तर आधी रेडिएटर साफ करून घ्या; पंख्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे तपासा. मग पुन्हा परीक्षा घ्या. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका.

कायमचे बुजवायचे असेल तर

बॉनेट गाडीवरून उतरवून घ्या. वेल्डिंग पेट्रोलपासून आणि पेंढ्याच्या उडवीपासून लांब होऊ द्या. झरोक्याच्या कडेचा रंग व गंज दोन बोटे रुंदीपर्यंत घासून काढा. बॉनेटच्याच जाडीचा पत्रा भोकाच्या मापाने कापा. एका दमात सगळीकडून वेल्डिंग केले तर पत्रा तापून पोचट होतो. म्हणून वेल्डरला सांगा, एक टाका इथे, एक समोरच्या बाजूला, मध्ये थोडा दम. मग घासून सपाट करा, वरून पुट्टीचा पातळ थर द्या, त्यावर रेड ऑक्साइड आणि रंग. आतल्या बाजूलाही रेड ऑक्साइड लावायला विसरू नका; गंज खालूनच सुरू होतो. नुसत्या पुट्टीने भोक भरू नका. इंजिनाच्या हादऱ्याने ती तडकते.

काढता-घालता पत्रा

परीक्षेत झरोका लागतो असे दिसले तर पावसाळ्यापुरते झाकण करा. जाळीची जुनी भोके असतील तर तीच वापरा. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून पत्र्याखाली चौफेर पट्टी द्या आणि बोल्ट आवळा. ॲल्युमिनियमचा पत्रा वापरलात तर हे रबर दुहेरी कामाचे आहे. ॲल्युमिनियम लोखंडाला टेकून ओले राहिले तर ते कुरतडले जाते, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. दसरा झाला की झाकण काढून कोठीत ठेवा. पावसाळ्यात झाकण असताना चढावर काट्यावर नजर असू द्या.

गोणपाट, चिंध्या, थर्माकोल किंवा ताडपत्री झरोक्यात कोंबू नका. खाली धुराचा तापलेला पाइप असतो. उंदराने बॉनेटखाली पेंढ्याचे घरटे केले असेल तर तेही आधी काढा. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती बंद केल्याशिवाय झरोका बुजवू नका, कारण वाफ आत कोंडते.

कागदपत्रांविषयी थोडेसे

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम झाले. त्यात गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, म्हणून नंतर पाडलेला झरोका नीट बुजवलेला बरा. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगांनाच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. जीपवर तुमची शेती चालत असेल तर या नोंदणीच्या मोहात पडू नका.

हे काम यंदा वैशाखातच उरका, आणि घरातल्या जाणत्या मुला-मुलीला सोबत घ्या. वहीतले आकडे त्यांनाच लिहू द्या. पावसाच्या रात्री पाड्यावरून दवाखाना गाठायची वेळ आली, तर गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली पाहिजे. तिथे झरोक्याचे पाणी आडवे येता कामा नये, आणि कोंडलेली उष्णताही.