संयम कुणाचा, शिस्त कुणाची?

वर्ग शांत आहे म्हणजे मुले संयमी आहेत, असा समज शिक्षकवर्गात खोलवर रुजला आहे. छडीच्या धाकाने आलेली शांतता शिक्षकाने फळ्याकडे पाठ फिरवताच संपते आणि निम्मा तास 'गप्प बसा' म्हणण्यात जातो. ज्या वर्गातली मुले स्वतःला आवरतात, तिथे शिक्षकाला पहारेकरी व्हावे लागत नाही. इथपर्यंत दुमत नसावे. वाद आहे तो हे आवरणे येते कुठून, याबद्दल.

श्रीरामपूर हा उसाचा मुलूख. हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. तिथले मूल पहाटे अंधारात उठते, धाकटे भावंड सांभाळते आणि शाळेत आलेच तर अर्ध्या वर्षात, अनोळखी वर्गात येते. ते चुळबुळते, डुलक्या घेते. लगेच शेरा : 'वळण नाही'. (आडनाव ऐकल्यावर हा शेरा किती चटकन सुचतो, हे ज्याने त्याने तपासावे.) वास्तविक भूक दाबून दिवसभर भाऊ कडेवर वागवणाऱ्या मुलीइतका संयम त्या वर्गात दुसऱ्या कुणापाशी आहे?

बाबासाहेबांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवली आहे. गोणपाटावर वेगळे बसायचे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, नाहीतर तहानलेले राहायचे. अशा लादलेल्या सोसण्याला संयम म्हणून गौरवणे ही क्रूर थट्टा आहे.

वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाअखेरीस स्टॅनफर्डला मुलांपुढे खाऊ ठेवला : थांबलास तर दुप्पट. थांबणारी मुले पुढे सरस ठरतात, असा गाजावाजा झाला. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध बराचसा विरला. सेलेस्ट किड व सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्या अधिक उपयोगाचा. मुले अवघी २८. ज्यांना आधी मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळला, ती सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना फसवले, ती ३ मिनिटे. शब्द मोडणाऱ्यासमोर थांबायचे कशाला, हा त्या मुलांचा हिशेब चुकीचा म्हणता येईल काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने मारणे आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. छडी गेली, पण तिच्या जागी काय, हे पुष्कळांना उमगलेले नाही. उद्या वही तपासून देतो म्हटले, तर उद्याच द्यावी. उत्तर देण्याची पाळी सर्वांची यावी, पहिल्या बाकाचीच नव्हे. बागायतदाराच्या मुलाला आणि कोपीतल्या मुलाला एकाच चुकीबद्दल एकच जाब असावा. आणि कुणी तासात पाणी मागितले, तर जाऊ द्यावे.