आडसाली ऊस, सालोसाल हप्ता

जुलैत लावलेला आडसाली ऊस तोडीला येतो तो पुढच्या वर्षाच्या दिवाळीनंतर. सोळा-अठरा महिने पीक रानात उभं, आणि तेवढे दिवस त्या रानाचा छदाम हाती नाही. विम्याचा हप्ता मात्र बारा महिने झाले की दारात. बारामती-इंदापुरात आयुर्विम्याची बचत कुणाला फळली आणि कुणाची बुडाली, हे कळायला बोनसच्या कोष्टकाआधी हे दोन हिशेब शेजारी मांडावेत.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, मागून कारखाने आले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. पैसा आला, पण टप्प्याटप्प्याने. कायद्याने उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे; शेवटच्या बिलाची वाट अनेकदा दिवाळीपर्यंत पाहावी लागते. सोसायटीचं कर्ज बिलातूनच कापलेलं असतं. उरलेल्यावर पाइपलाइन, सोनार आणि लग्नाचा मांडव असे तिघे टपून.

आमच्याकडे विम्याचा एजंट म्हणजे पुष्कळदा गुरुजी. लायसन्स बाईंच्या नावावर, फिरणं गुरुजींचं. बिल जमा झाल्याची बातमी त्यांना शेतकऱ्याच्या बायकोआधी कळते. "पहिला हप्ता मीच भरतो, तुम्ही फक्त सही करा," हे वाक्य या दोन तालुक्यांत किती ओट्यांवर उच्चारलं गेलं असेल! कमिशनमधली अशी सूट द्यायला कायद्याने बंदी आहे, हे दोघांनाही ठाऊक नसतं. किंवा एकालाच असतं.

म्हाताऱ्यांचा विश्वास मात्र गुरुजींवर नव्हता, 'सरकारी' या शब्दावर होता. त्याला आधारही होता. 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून राष्ट्रीयीकरण जाहीर केलं, 245 विमा संस्था एकत्र आल्या आणि 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस यांना केंद्र सरकारची हमी कायद्यातच लिहिली आहे. पतपेढी बुडताना पाहिलेल्या माणसाला ही हमी दोन टक्के जास्त व्याजापेक्षा मोठी वाटते. मी त्याला अडाणी म्हणणार नाही.

तरी आकडे पाहू. वर्षाला 5,000 रुपये, 20 वर्षं, विमा 1 लाखाचा, बोनस हजारी 40 धरला, तर मुदतीला 1 लाख 80 हजार हाती येतात. ऐकायला दुप्पट, परतावा पडतो सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी तेवढीच वर्षं राहिले तर 2 लाख 20 हजारांच्या पुढे जातात. शिवाय घरचा कर्ता गेल्यावर 1 लाखात होतं काय? प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं कवच मिळतं. ते मे अखेरीस बँकेतून आपोआप कापलं जातं, आणि मरणाखेरीज त्यातून काही परत मिळत नाही. 'मेल्यावरच मिळणार' असलं काही विकत घ्यायचं आमच्या लोकांच्या जिवावर येतं.

वालचंदनगरच्या किंवा बारामती एमआयडीसीच्या पगारदाराचं यात बरं चालतं. हप्ता पगारातून कापला जातो, मोह व्हायच्या आत. पॉलिसीची खरी ताकद व्याजात नाहीच, मोडायला कठीण असण्यात आहे. शेतकऱ्याला तीच अडचण होते. तोड लांबली, हप्ता चुकला, 30 दिवसांची सवलतही गेली की पॉलिसी बंद. सुरुवातीच्या वर्षांत बंद पडली तर भरलेल्यातलं फार थोडं परत येतं. म्हणून ज्याचं सगळं रान आडसालीत आहे त्याने हप्ता ठरवताना बिल नसलेलं वर्ष समोर धरावं. गुरुजी बिलाचं वर्ष धरतात.

मागच्या महिन्यात चुलत्यांची ट्रंक उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट आणि लग्नाआधी काढलेली पॉलिसी, घडीवर पिवळी पडून फाटायला आलेली. हप्ते सगळे भरलेले, पावत्या सुतळीत ओवून ठेवलेल्या. नॉमिनीच्या रकान्यात आजी. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. "माझं नाव घालायला किती दिवस लागतात?" काकूंनी विचारलं. एका पानाचा अर्ज आहे, म्हटलं. त्यांनी काही न बोलता शेअर सर्टिफिकेट उलटून पाहिलं. तिथेही वारस म्हणून आजीच होती.