पोळा, करंजी आणि गोळ्या

तारीख-वार विचारला की गप्प बसणारा बेघर मनोरुग्ण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप का लावतात, हे सहज सांगू शकतो. वाशीमसारख्या शेतीच्या जिल्ह्यातून भरकटलेल्याला सण हेच कॅलेंडर.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 19 सांगतं, की घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं, एवढ्यावरून रुग्णाला रुग्णालयात ठेवता येत नाही. मग निवारा आलाच. शेजारच्या बुलढाण्यात पळसखेड सपकाळचा ‘सेवासंकल्प’ अशा बेघर मनोरुग्णांना सांभाळतो. कर्जतच्या ‘श्रद्धा’चा भर उपचारांनंतर घरी पोचवण्यावर, संस्थापक डॉ. भरत वाटवानींना 2018मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अशा निवाऱ्यात सणही उपचाराचा भाग होऊ शकतो. पण दिवाळीच्या करंजीत उपचार कुठला? पारी लाटायची, सारण बेतानं भरायचं, कड मुडपायची. लक्ष लागतं, क्रम लागतो, शेजारच्याशी बोलावं लागतं. करंजी तेलात उकलली तर हसूही येतं.

पथ्यं मात्र पाळायची. मनोविकारावर लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यानं निर्जळी उपवास धरू नये. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. आणि सुतळी बॉम्ब अंगणाबाहेरच बरा.