दोघं, एक बोट आणि समुद्र नसलेलं गाव

"बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, वाटेत गावं करायची, फक्त आपण दोघं!" मे महिन्यात नाशिकच्या कुठल्याही घरात हा बेत बोलून बघा. आधी प्रश्न येईल, "खर्च किती?" आणि मागोमाग टोमणा, "आपल्याकडे कुठे आलाय समुद्र?" टोमण्याची उत्तरं खाली दिली आहेत. खर्चाचं तुमचं तुम्ही बघा!

१. होडी फुकट, मुक्कामही फुकट
पांडवलेण्यातल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. दमण, पारदा, तापी, दाहाणुका अशा सहा नद्यांवर त्यानं मोफत होड्या ठेवल्या. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे नालासोपारा, शिवाय दशपूर आणि आपलं गोवर्धन इथे मुक्कामाची सोय केली. नारळाची ३२,००० झाडं दान दिली ती वेगळीच. बायको दक्षमित्राही मागे नव्हती. भिक्षूंसाठी खोली दिल्याचा तिच्या नावाचा स्वतंत्र लेख तिथेच कोरलेला आहे.

२. गोदामाईचा उलटा प्रवास
त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. तरी गोदावरी त्याला पाठ दाखवते आणि १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबक परिसरातली वैतरणा मात्र सरळ पश्चिमेची वाट धरते. दमणगंगा आणि पारही आपल्याच जिल्ह्यातून अरबी समुद्राकडे उतरतात. उषवदाताच्या दमण आणि पारदा त्या याच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे समुद्र नसला, तरी समुद्रातलं थोडं पाणी आपलं आहे.

३. आधी तालीम
कुणाला 'बोट लागते' आणि कुणाला नाही, हे भर समुद्रात कळण्यापेक्षा गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात कळलेलं बरं. तिथे लाटा नाहीत, पण जोडीदार बोटीत बसल्यावर किती सूचना देतो याचा अंदाज येतो. धरणाजवळचं गोवर्धन गाव म्हणजेच लेखातलं गोवर्धन, असं मानतात. तालमीचं ठिकाण तसं जुन्या परंपरेतलंच म्हणायचं.

४. धक्का कुणाच्या भावाचा?
मुंबईच्या 'भाऊच्या धक्क्या'तला भाऊ म्हणजे एकोणिसाव्या शतकात तो बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आज इथून मांडव्याची रो-रो सुटते, मार्च २०२० पासून. रस्त्यानं शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर ती साधारण तासाभरात कापते, तेही गाडी पोटात घेऊन. खासगी बोट बजेटात बसली नाही, तर 'आमच्यासोबत आणखी थोडी माणसं होती' म्हणायला हरकत नाही.

५. नवऱ्यासाठी बुरूज
हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग कमोडोर विल्यम जेम्सनं १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. तो वारल्यावर बायकोनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी तिकोनी बुरूज उभारला. नाव दिलं 'सेव्हर्नड्रूग'. सुवर्णदुर्गचा इंग्रजी जिभेवर झालेला हा अवतार आजही तिथे उभा आहे. प्रवासाची आठवण म्हणून फ्रिजला चुंबक लावणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी.

६. तीस वर्षांचा मुक्काम
ब्रह्मदेशचा राजा थिबा आणि राणी सुपायालत यांची सागरी सफर सक्तीची होती. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि जहाजात बसवलं, पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, राजा गेला १९१६ मध्ये. चोवीस वर्षं वाट पाहून मिळालेल्या घरात राहायला जेमतेम सहा वर्षं! बिल्डरकडून ताबा मिळायची वाट पाहणाऱ्या जोडप्यांनी रत्नागिरीला जरूर थांबावं.

७. दोन ग्रहणांची गल्लत
हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असं तुम्हाला हमखास सांगतील. खरं तर या शोधाचं श्रेय जान्सेन आणि नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञांना देतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन गुंटूरला होता, लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गावर आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर पृथ्वीवरही हेलियम सापडून तीन वर्षं झाली होती. गाइडला टोकू नका, जोडीदाराच्या कानात हळूच सांगा.

८. खाऱ्या पाण्यात दूध-साखर
मालवणच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झालं. चहूकडे खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं वाचूनच चहाची तल्लफ येते.

९. वाऱ्याची ड्युटी
दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री ती लवकर निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई सुटतात. शिडाच्या होड्या पूर्वी हे वेळापत्रक पाहूनच निघत: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. तांडेल पहाटे उठवू लागला, तर 'सुट्टीवर आहोत' ही सबब चालणार नाही.

१०. परतीची तारीख ठरलेली
मे सरत आला की नांगर उचलून घरची वाट धरायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, कारण पावसाळी दर्या कुणाचं ऐकत नाही. नारळी पौर्णिमेला त्याची समजूत काढली की मग होड्या पुन्हा पाण्यात. तोवर दोघांनी छत्री घेऊन गोदाघाटावर जावं आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला, ते बघावं. नाशिककरांची भरती तिथेच मोजतात, आणि तिला तिकीट नाही.