अडलेले कुलूप

पावसाळ्यात दाराचे कुलूप अडले की किल्लीवर जोर लावू नका. आधी दार उघडे असताना किल्ली फिरवून पाहा. ती सहज फिरली, तर कुलूप धडधाकट आहे. लाकूड फुगल्याने किंवा बिजागरी सैल होऊन दार खाली आल्याने कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेला घासते आहे. अशा वेळी दार किंचित उचलून किंवा आपल्याकडे ओढून किल्ली फिरवावी. मग बिजागरीचे स्क्रू आवळावेत, तेवढ्याने भागले नाही तर खाच कानशीने घासावी.

उघड्या दारातही किल्ली अडत असेल, तर दोष सिलिंडरचा. लायनस येल यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत स्प्रिंगवरच्या बारीक पिना किल्लीच्या दात्यांनुसार नेमक्या उंचीवर आल्या, तरच आतला गाभा फिरतो. धुळीने एक पिन अडली तरी पुरे. आपल्याकडे लगेच खोबरेल तेल सोडतात. कृपा करून ते टाळा. तेलावर धूळ बसून चिकटा होतो. ग्राफाइटची पूड घाला, नाहीतर पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासा.

एवढ्यानेही किल्ली अडत राहिली, तर सिलिंडरच बदलावा. दारात बसवलेल्या मॉर्टिस कुलपाचा सिलिंडर बहुधा दाराच्या कडेवरच्या एका लांब स्क्रूने धरलेला असतो. तो काढून, किल्ली किंचित वळवली की सिलिंडर बाहेर सरकतो. त्याच लांबीचा नवा बसवता येतो. सगळे कुलूप बदलण्याचा खर्च वाचतो.