नाका उठतो तेव्हा

चाकणच्या एका कारखान्यात मी मालाची कागदपत्रे सांभाळत असे. माल पुण्याकडे निघाला की मोशीपाशी पिंपरी-चिंचवड महापालिकेचा जकात नाका लागे. पावती फाडल्याशिवाय टेम्पो पुढे सरकत नसे. २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, २०१७ साली जीएसटी आला. नाका उठला, तसे महापालिकेचे हुकमी उत्पन्नही गेले. त्याबदली दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी भरपाई राज्य सरकारने द्यावी, असा कायदा झाला. तो वाचताना मला गोव्याचा एक जुना करार आठवला.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी लिस्बनमध्ये तो केला. १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. पोर्तुगालचा समुद्रापारचा मुलूख असलेला गोवा आणि शेजारचा ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची सीमा त्याने पुसली. पोर्तुगालला मुरगाव बंदर घाटापलीकडे जोडणारी रेल्वे हवी होती. ब्रिटिशांचा डोळा मिठावर होता. त्यांच्या मुलखात मिठावर जबर कर होता. गोव्याचे स्वस्त मीठ चोरवाटांनी आले की तो बुडे. म्हणून गोव्यातली मिठागरे ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली. मोबदला ठरला वर्षाला चार लाख रुपये.

हा मोबदला सरकारला मिळाला, आगरात राबणाऱ्याला नाही. मीठ महागले, अनेक आगरे बंद पडली. बारा वर्षांची मुदत १८९२ साली संपली, करार पुढे चालला नाही आणि सीमेवर नाके परतले. रेल्वे तेवढी राहिली.

युरोपात हाच प्रश्न १९५७ च्या रोम करारात आला. फ्रान्स, नेदरलँड्स यांच्या समुद्रापारच्या प्रदेशांना तिथे सहयोगी दर्जा मिळाला. त्यांचा माल युरोपच्या बाजारात जकातीविना जाऊ लागला. मात्र स्वतःच्या विकासासाठी आयातीवर जकात लावण्याची मुभा त्यांच्याकडेच राहिली. ग्रीनलँड १९८५ साली युरोपीय समुदायातून बाहेर पडले, तरी हा दर्जा घेऊन जोडलेले राहिले. आपल्या समुद्रातल्या मासेमारीचे हक्क ते युरोपला मोबदला घेऊन देते.

गोव्याने नाक्यासोबत मिठावरचा ताबाही सोडला. या प्रदेशांनी बाजार मिळवला आणि नाका हाती ठेवला. लहान मुलूख मोठ्या संघाशी जोडला जातो तेव्हा रस्ता मोकळा होतो, हे खरेच. मोशीला मी तो मोकळा झालेला पाहिला. पण भरपाई किती, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणाच्या हाती पडते आणि गरज पडल्यास आपला कर आपण पुन्हा बसवू शकतो का, हेही विचारावे लागते. १८७८ साली मिठागरवाल्याला हे कोणी विचारले नव्हते.